सहा नंबरपासून पुढे

परचेसमध्ये बसणाऱ्या माणसाला बूट म्हणजे कटिंग ऑइल, हातमोजे आणि झाडू यांच्या रांगेतला एक आयटम कोड. वर्षातून एकदा इंडेंट येतो. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, सगळ्यांत खालचा भाव ज्याचा तो एल-वन, त्याच्या नावाने पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, सोडायची आणि फाइल बंद. चाकणच्या आमच्या कारखान्यात मोटारींचे पत्र्याचे भाग बनतात. तिथे माझ्याकडे सेफ्टीचं सामान आलं तेव्हा बुटांचं असंच चाललेलं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे परचेसपर्यंत पोचलेली नव्हती.

बूट कुठला, हा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. डीलर भोसरीचा, बिल भोसरीचं, टेम्पो भोसरीहून यायचा. काळं बफ बार्टन चामडं, डबल डेन्सिटी पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल, पुढे पोलादी टोपी, खोक्यावर आयएसआयची खूण. ती खूण आता ऐच्छिक राहिलेली नाही. २०२० मध्ये केंद्राने आदेश काढून सेफ्टी बुटांना ती सक्तीची केली. खुणेसोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव-गाव पुढे येतं. मी सहज म्हणून स्टोअरमधल्या खोक्यांवरचे क्रमांक टाकत बसले. आग्रा, कानपूर, उन्नाव, पुन्हा आग्रा. एका क्रमांकाला उत्तरच आलं नाही. तो माल देणाऱ्या दुसऱ्या एका डीलरचं नाव पुढच्या चौकशीतून वगळलं आणि तो विषय तिथेच संपला.

विषय खरा उघडला तो प्रेस शॉपमध्ये मुली आल्यावर. आयटीआय करून मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या मुली शिकाऊ म्हणून लागल्या. पहिल्याच आठवड्यात स्टोअरकीपर काका वर आले. "मॅडम, तीन नंबर कुठनं आणू? आपला माल सहा नंबरपासनं पुढे आहे." डीलरला फोन केला. तो म्हणाला, पाच मिळेल, आत जाड सोल टाकून देतो, दोन मोजे घालायला सांगा. सगळ्या कंपन्या असंच करतात. हे त्याचं खरं होतं. मी औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या परचेसवाल्यांना विचारलं, तर सगळीकडे दोन मोजे.

पोलादी टोपीचा बूट सैल असून चालत नाही, हे समजायला मला शॉप फ्लोअरवर जाऊन बसावं लागलं. साधा बूट मोठा झाला तर फार तर पाय घसरतो. इथे पाय पुढे सरकतो, बूट जिथे दुमडायला हवा तिथे न दुमडता भलतीकडे दुमडतो, आणि खालच्या ट्रेमधला पार्ट उचलायला चवड्यांवर बसलं की टोपीची मागची कड नेमकी बोटांवर चढते. लातूरकडच्या एका मुलीने बूट काढून दाखवला. मोज्यावर आडवी रेघ उमटली होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना मोजा विरला होता. पाळी संपेपर्यंत ती सरळ उभी राहूनच वाकत होती, म्हणजे बुटाची किंमत कंबर भरत होती. सुपरवायझरच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे 'लेस सैल ठेवणे' अशी नोंद होती.

पुरुषांची कथा उलटी. त्यांना लांबी मिळायची, रुंदी नाही. लहानपण शेतात अनवाणी गेलेल्या माणसाचा पंजा पसरट असतो. टोपी तर लोखंडी, ती काही सैल पडत नाही. मग आठ नंबरवाला नऊ मागायचा, नऊवाला दहा, आणि टाचेकडे उरलेली जागा लेस आवळून भागवायची. स्टोअरमध्ये दहा नंबर नेहमी आधी संपायचा. आमच्या माणसांचे पाय मोठे आहेत, असं आम्ही समजत होतो.

याच काळात मुख्यालयाचा मेल आला. आमची मूळ कंपनी जर्मन. त्यांचं म्हणणं, जगभरच्या सगळ्या प्लांटमध्ये एकाच युरोपियन ब्रँडचा सेफ्टी बूट असावा, दर्जा सारखा राहील, करार वरूनच होईल. भाव आमच्या बुटाच्या कितीतरी पट. सॅम्पलची पेटी कुरियरने आली. बूट देखणा होता, वजनाला हलका, आतलं अस्तर मऊ, यात वाद नाही. शिवाय त्यात छत्तीस युरोपियन, म्हणजे आपला तीन नंबर होता. तो त्या लातूरच्या मुलीला घालायला दिला. लांबीला बरोबर बसला, पण पंजा आत जाईना. पुरुषांच्या सॅम्पलचीही तीच तऱ्हा. त्यातल्या एका जोडाची जीभ उलटून पाहिली तर आत छापलेलं होतं, 'मेड इन इंडिया'. मीटिंगमध्ये यावर बरीच हसाहशी झाली. मला त्यात नवल वाटलं नाही. तमिळनाडूतलं आंबूर, राणीपेट, इकडे आग्रा, कानपूर ही सगळी गावं परदेशी ब्रँडांसाठी बूट आणि अपर, म्हणजे बुटाचा सोलावरचा भाग, शिवत आलेली आहेत. चीनखालोखाल जगात सर्वांत जास्त पादत्राणं आपल्याकडे बनतात. दर्जाचा मुद्दाही टिकणारा नव्हता. आपलं आयएस १५२९८, भाग २ हे मानक आंतरराष्ट्रीय आयएसओ २०३४५ वरच बेतलेलं आहे. चाचण्या आणि आकडे जवळपास तेच. त्यामुळे प्रश्न देशी की परदेशी असा राहिलाच नाही. तीन नंबरच्या पसरट पायासाठी माप कोण बदलून देईल, एवढाच उरला.

भोसरीचा डीलर देणार नव्हता. जर्मन करारातला ब्रँड पुणे प्लांटच्या एवढ्याशा आकड्यासाठी हलणार नव्हता. म्हणून आग्र्याला गेले, व्हेंडर ऑडिट या नावाखाली. परचेसवाल्याला कुठेही जायचं तर नाव ऑडिटच द्यावं लागतं.

आग्र्यात बुटांचं म्हणून जे काही आहे ते हींग की मंडीत दिसतं. गल्ल्यांमधून चामड्याचे गुंडाळे, सोलांच्या गोण्या, बक्कलं, लेस, चिकट द्रावणाचे डबे, खोक्यांचे थप्पे आणि त्यातूनच वाट काढणाऱ्या हातगाड्या. ताजमहालाच्या गावात हा एवढा मोठा उद्योग आहे हे ताज पाहून परतणाऱ्याला कळतही नाही. मी ज्याच्या ऑडिटला गेले तो बुटांचा कारखाना तिथून बाहेर, सिकंदराच्या औद्योगिक भागात होता. मालक पन्नाशीचे, वडिलांच्या वेळचा धंदा, बोलताना सारखं मोबाइलवर चामड्याचा भाव पाहणारे.

त्यांच्या कारखान्यात मी पहिल्यांदा बूट तयार होताना पाहिला, आणि देशी या शब्दाचं माझं गणित तिथेच विस्कटलं. चामडं कानपूरच्या जाजमऊचं. सोल ओतणारं गोल फिरणारं यंत्र जर्मन. पीयू ज्यापासून बनतं त्या दोन रसायनांची पिंपं बहुराष्ट्रीय कंपन्यांची. पोलादी टोपी कधी देशी, कधी चिनी, ज्या महिन्यात जी परवडेल ती. शिलाईचा दोरा भारतीय, सुई परदेशी. आणि अपर शिवून आलेलं जवळच्याच वस्त्यांतून. मी विचारलं, मग तुमचं काय? मालकांनी राग न धरता खांद्यामागे बोट दाखवलं. तिथे लोखंडी मांडण्यांवर ॲल्युमिनियमचे पाय ओळीने उभे होते, डावे-उजवे, नंबरानुसार. "ये है हमारा. फर्मा."

अपर फर्म्यावर ताणून बसवतात, फर्मा साच्यात उलटा उतरतो, साचा मिटतो आणि आत सोल ओतला जातो. प्रत्येक नंबराला वेगळा फर्मा आणि वेगळा साचा, तोही दोन्ही पायांचा. म्हणजे पंजा अर्धा सेंटिमीटर रुंद करायचा म्हटलं तरी नुसत्या चामड्याच्या कापाने भागत नाही. फर्मा बदला, साचा बदला, टोपीही रुंद शोधा. खर्च लाखांत जातो. मालकांचे फर्मे आले होते जुन्या परदेशी ऑर्डरींबरोबर. बाहेरच्या गिऱ्हाइकाने आपल्या मापाचे करवून घेतले, ऑर्डर संपली, फर्मे मागे राहिले, आणि त्यांच्यावरच देशातल्या गिऱ्हाइकांचा माल निघत राहिला. माझ्या प्रश्नावर त्यांचा प्रश्न सरळ होता. "मॅडमजी, तीन-चार नंबर का मोल्ड बना दूँ, पर चलेगा कितना? सौ जोडी?"

तेवढ्यात त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेत आघाताची चाचणी चालली होती, ती पाहायला गेले. बुटाचा पुढचा भाग कापून यंत्रात बसवतात. टोपीच्या आत मळलेल्या मातीचा बोटाएवढा दंडगोल उभा करतात. वरून पाचरीसारख्या टोकाचा २० किलोचा ठोकळा सुमारे १ मीटरवरून सोडतात, तो २०० ज्यूलचा धक्का. आवाज होतो तो पत्र्याचा नाही, घणाचा. मग टोपी उचलून माती बाहेर काढायची आणि चेपून उरलेली उंची मोजायची. आठ नंबरला निदान १४ मिलिमीटर उरली पाहिजे, तीन नंबरला १२.५. त्या दिवशीच्या मातीच्या एका बाजूला टोपीची कड उमटली होती, अगदी त्या मुलीच्या मोज्यावर होती तशी. चाचणीत बूट पास होता. मानकाला टोपीखाली किती जागा उरते याच्याशी मतलब. ती टोपी कुणाच्या पायावर कुठे बसते, हे मोजायला त्या यंत्रात पाय नसतो.

वर्षानुवर्षांच्या या मापाच्या घोटाळ्याला पुढे चांगलं स्पष्टीकरण मिळालं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, म्हणजे सीएलआरआयने, २०२१-२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी लाखावर लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोप-अमेरिकेच्या मानाने रुंद, आणि त्या रुंदीसाठी लोक गरजेपेक्षा लांब बूट घेऊन लेस आवळतात. आमचा दहा नंबर आधी का संपायचा, ते मला एका वाक्यात छापून मिळालं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. इंग्रजांनी ठेवून दिलेले यूके नंबर आपण अजून वापरतो आहोत, त्यांच्या जागी.

पण फर्म्याचा खर्च स्कॅनर देत नाही. मालकांनी मागितलं ते असं: तीन वर्षांचा करार, साच्याच्या खर्चात वाटा, आणि वेळेवर पैसे. पहिल्या दोन गोष्टींवर भांडायला लागेल याची तयारी होती. खरं रामायण तिसऱ्यावर झालं. आम्ही डीलरला नव्वद दिवसांनी पैसे देतो. डीलर ते सोसतो आणि भावात वसूल करतो. शिवाय मागे आग्र्याच्या माणसाला तोही थांबवतो. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने नियम आणला की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकतं केलं नाही तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळायचा नाही. लहान कारखानदाराच्या भल्याचा नियम. आमच्या अकाउंट्सने त्याचा अर्थ काय काढावा? उत्पादकाकडून घेतलं तर ४५ दिवसांत पैसे मोजावे लागतील, व्यापाऱ्याला तो नियम नाही, तेव्हा डीलरकडूनच घ्या. कागदावर त्यांचं चूक नव्हतं. मला मात्र तेव्हापासून देशी उद्योगाला चीनने मारलं हे वाक्य ऐकलं की आधी आमच्याच क्रेडिट टर्म्स आठवतात.

फाइल अडली असताना मदतीला धावून आला तो पावसाळा. डीलरच्या जुन्या लॉटचे बूट स्टोअरच्या मागच्या भिंतीलगत पडून होते. जुलैत ते वाटले आणि दोन-चार पाळ्यांत सोल गळायला लागले. पीयूचा हा धर्मच आहे. वापरा किंवा न वापरा, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की आतून तुटत जातो आणि वरून नवा दिसतो. मग एके दिवशी पाय पडला की रव्याचा लाडू फुटावा तसा भुगा होतो. तेलकट फरशीवर अर्धा सोल निघालेला माणूस पाहून प्रॉडक्शनचे साहेब स्वतः वर आले. डीलर म्हणाला, कंपनीला विचारा. खोक्यावरच्या कंपनीला विचारलं, तर ते म्हणाले, आमचा माल किती वर्षं कुणाच्या गोडाउनमध्ये होता ते आम्हाला काय माहीत. दोघांचंही बरोबर. बुटांचं बोट धरायला मधे कुणीच नव्हतं. त्यानंतर थेट आग्र्याहून, थोडा-थोडा, महिना-वर्ष छापलेला माल घ्यायच्या माझ्या नोटवर सही व्हायला वेळ लागला नाही.

आग्र्याचा बूट आला तो डीलरच्या बुटापेक्षा बराच महाग. तीन, चार, पाच नंबर आले, पुरुषांचा फर्मा पंजात रुंद झाला. पहिल्या लॉटमध्ये टाचेचा कडकपणा जास्त होता, फोड यायला लागले. मालकांनी पुतण्याला पाठवलं. त्याने दोन दिवस शॉप फ्लोअरवर बसून, लोकांचे बूट हातात घेऊन, टाचेच्या आतलं काउंटर कुठे टोचतंय ते खडूने आखून नेलं. एक ज्येष्ठ कामगार त्याला म्हणाले, "बाळा, आमचे बूट हातात घेणारा तू पहिलाच." पुढच्या लॉटला टाच मऊ होती. महाग बुटात मी काही खरेदी केलं असेल तर ते हे दोन दिवस.

एवढ्यावरून आग्रा म्हणजे स्वर्ग असं कुणी समजू नये. दुसऱ्या वर्षी माल सहा आठवडे उशिरा आला, कारण चामडं अडलं होतं. जाजमऊच्या टॅनऱ्यांवर गंगेच्या प्रदूषणासाठी अधूनमधून कुलूप लागतं. २०१९ च्या प्रयागराजच्या कुंभासाठी तर त्या कित्येक महिने बंद ठेवल्या होत्या. ते कुलूप चुकीचं म्हणवत नाही. क्रोमचं पाणी नदीत जाणारच असेल तर उशिरा आलेला बूट परवडला. आणि अपरची शिलाई. माझ्या ऑडिटच्या यादीत पीएफ, किमान वेतन, अग्निशमन, सगळे रकाने होते. पण ते कारखान्याच्या फाटकाशी संपत होते. शिलाई होत होती फाटकाबाहेर, वस्तीतल्या घरांत, नगावर, बहुतेक बायकांच्या हातून. मी मालकांना विचारलं, एका अपरला काय देता? त्यांनी चहा मागवला. यादीत त्या रकान्याची भर मी घातली आहे. उत्तर अजून 'लागू नाही' असंच येतं.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने नाव न घेता कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटलेले संदेश आले. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तिच्या कारागिराचं नाव घेतलंच पाहिजे, यात मी कुणाच्याही मागे नाही. पण त्या संदेशांत सगळ्यांत तिखट लिहिणारे आमचे फायनान्सचे साहेब होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बुटांच्या तक्त्यावर लाल शेरा मारला होता: एल-वन का नाही? सणाला घालायच्या चपलेचा कारागीर आपल्याला हवा असतो. आठ तास घालायच्या बुटाचा कारागीर म्हणजे कॉस्ट.

माझं उत्तर मी आता पाठ करून ठेवलं आहे. वर्षाला एक जोड देतो तिथे बूट आता वर्ष पुरून उरतात, रिप्लेसमेंटचे इंडेंट घटले, पायाच्या तक्रारी घेऊन ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, जाणारे कमी झाले. हे आकडे लावले की फरक बराच भरून निघतो. सगळा नाही. उरलेला फरक कशाचा, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सापडलेलं नाही, म्हणून मी तो 'फिटमेंट' या नावाने लिहिते. ऑडिटरने अजून हरकत घेतलेली नाही.

मुख्यालयाने आता विचारलंय की तीन-चार नंबरचा रुंद बूट त्यांच्या दुसऱ्या भारतीय प्लांटलाही मिळेल का. मालकांना फोन केला, तर ते खूश व्हायच्या ऐवजी म्हणाले, आधी 'भा' का काय ते नंबर कधी लागू होतात ते सांगा. तसं झालं तर सगळे फर्मे पुन्हा नवे, मग आत्ता जुन्या नंबरांचे साचे वाढवू की थांबू? पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये मी साच्यांच्या वाट्यासाठी एक ओळ घातली आहे. फायनान्सने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून फाइल परत पाठवली आहे, आणि सोमवारी त्याचं उत्तर द्यायचं आहे.